बटणावरचं कुंकू

१

दार उघडल्याबरोबर आधी वास आला. लसूण सडावा तसा. मग तोंडाला ओलं उपरणं गुंडाळलेला रामसिंग पाठमोरा बाहेर येताना दिसला. काखेत हात घालून तो कुणाला तरी ओढत होता. त्या माणसाच्या टाचा फरशीवर घासत होत्या. एका पायातली चप्पल आतच राहिली होती.

शिवकन्या नेमकी तेव्हाच फाटकातून आत शिरली. तिच्या हातात पेढ्यांचा पुडा होता. खंडेनवमीचा दिवस, म्हणून हिंगोलीच्या बाजारातून पूजेचे पेढे घेऊन ती आली होती.

"बा! कोण हाय?"

 रामसिंगनं त्या माणसाला लिंबाच्या सावलीत टाकलं आणि स्वतःच गुडघ्यांवर बसून खोकू लागला. शिवकन्या जवळ गेली आणि पेढ्यांचा पुडा तिच्या हातातून गळून पडला. तो प्रेमदास होता. तिच्याच तांड्यातला, तिच्याच शेजारच्या टेबलावर काम करणारा. ओठ निळे पडलेले, डोळे अर्धे उघडे. उजवी मूठ मात्र घट्ट मिटलेली. तिनं बोटं सोडवून पाहिलं, तर आत गोदामातला वायू मोजायचं यंत्र होतं, सुपारीच्या डबीएवढं.

कनेरगाव नाक्याच्या त्या गोदामात हळदीची पोती थप्पीला लागली होती आणि आदल्या दिवशी त्यांच्यात कीड मारायच्या गोळ्या ठेवल्या होत्या. त्या गोळ्यांचा वायू माणसालाही सोडत नाही. दारावर लाल अक्षरांत पाटी होती. आत पाऊल टाकायचं नाही हे झाडूवालीपासून मालकापर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. मग प्रेमदास आत गेलाच कशाला?

"श्वास चालू हाय," झाडलोट करणाऱ्या भागाबाई ओरडल्या. "गाडी बोलवा कुणी!"

रामसिंगनं उपरणं सोडलं. डोळ्यांतून पाणी गळत होतं. लेकीकडे बघून तो इतकंच म्हणाला, "पोरी, कडी भायेरून लावलेली व्हती."

खरं तेच तो बोलला. पण ऐकणाऱ्या सगळ्यांच्या माना त्याच्याचकडे वळल्या. त्या दाराची राखण रामसिंगकडेच होती.

२

गोदामाला लागून एक खोली आहे. तिथं चौघं जण बसून एक वेगळंच काम करत. शिवहार त्यांच्यात थोरला. सगळे त्याला दादा म्हणत. मग रागिणी, प्रेमदास आणि शिवकन्या. पुण्याच्या एका कंपनीसाठी ते एका लहानशा डब्याचं कर्नेल सुधारत होते. कर्नेल म्हणजे संगणकाच्या पोटातला कारभारी. कुणाला किती जागा द्यायची, कुणाचं म्हणणं आधी ऐकायचं आणि आलेली माहिती साठवणीच्या कार्डावर कधी लिहायची, हे तो ठरवतो. डबा कॅमेऱ्याची चित्रं नि वायूचे आकडे साठवायचा. पण लिहिण्यात तो मंद होता, कॅमेरा पुढं पळायचा आणि डबा मागं राहायचा. त्याला झपाझप लिहायला शिकवायचं, हेच या चौघांचं काम. चाचणीसाठी एक डबा याच खोलीत होता आणि त्याचा कॅमेरा गोदामाच्या दारावर रोखलेला होता.

म्हणून फौजदार संगिताबाईंनी आल्या आल्या विचारलं, "कॅमेरा आहे ना? मग भांडण कशाचं? चित्र दाखवा."

कुणी हललं नाही. डब्याला झेंडूची माळ घातलेली होती. कपाळ समजून त्याच्या बटणावर कुंकवाचं बोट लावलेलं होतं. खंडेनवमीला यंत्रं बंद करून पूजतात आणि दसऱ्याची पूजा होईपर्यंत त्यांना हात लावत नाहीत. नांगराला लावत नाहीत, शिलाईच्या यंत्राला लावत नाहीत, तसंच या डब्याला.

"मी पूजेच्या आधी भिंतीचा खटका खाली केला," भागाबाई म्हणाल्या. "दहाचा सुमार आसंल. पण त्याच्या आधीचं समदं त्याच्यात आसंलच की, बाई."

"उद्या सकाळी दसऱ्याची पूजा झाली की उघडू," शिवहार शांतपणे म्हणाला. "एका रात्रीनं काय बिघडतंय? आधी पोरगं वाचू द्या." मग शिवकन्येच्या खांद्यावर हात ठेवून तो म्हणाला, "तू नि रागिणी दवाखान्यात जा. मी तांड्यावरून प्रेमदासच्या आईला, निर्मलाकाकीला, घेऊन येतो."

संगिताबाईंनी मान डोलावली. गोदामाच्या दाराला मोहोर लावली, खोली मात्र तशीच राहिली. मग रामसिंगला गाडीत बसायला सांगितलं.

"माझ्या बाला काहून?" शिवकन्येचा आवाज चिरकला.

"तुझा बाप गेल्या महिन्यात प्रेमदासच्या अंगावर धावून गेला होता, असं चार जण सांगून राहिलेत. खरं का?"

खरं होतं. प्रेमदासनं दारावर कॅमेरा बसवला तेव्हा रामसिंग चिडला होता. "मी राखण करतो नि तू माझ्यावर डोळा ठेवतो व्हय रे?" असं तो सगळ्यांदेखत बोलला होता.

गाडी निघाली. मागच्या काचेतून रामसिंगनं लेकीकडे पाहिलं. भीती लपवायची त्या माणसाला कधी जमलीच नव्हती.

३

दसऱ्याच्या सकाळी शिवकन्या डब्यासमोर उभी राहिली. हिंगोलीच्या दवाखान्यात प्रेमदास अजून शुद्धीवर आला नव्हता. संगिताबाईंनी सांगितलं होतं, आज चित्रात काही सापडलं नाही तर उद्या रामसिंगला कोर्टापुढं उभं करावं लागेल.

भागाबाईंनी उदबत्ती ओवाळली, हात जोडले आणि माळ उतरवली.

"अगं बाई," त्या पुटपुटल्या. "कुकू कसं काय फिसकटलं?"

बटणावरचं कुंकवाचं बोट एका बाजूला ओढलं गेलं होतं. शिवकन्येनं ते पाहिलं, पण तिचं चित्त तिथं नव्हतं. तिनं डबा चालूच केला नाही. चालू करणं म्हणजे आतल्या खुणांवर आपला पाय देणं. तिनं डब्याचं कार्ड अलगद काढलं आणि आपल्या लॅपटॉपला लावलं, फक्त वाचण्यापुरतं. पडद्यावर पाच-सहा ओळी आल्या. पहिलीच ओळ होती, अवस्था: स्वच्छ. ती घाईघाईनं खाली सरकली. तिला कॅमेऱ्याच्या फायली हव्या होत्या.

फायली होत्या. मिनिटागणिक एक, नावानिशी ओळीनं. साडेनऊपर्यंतच्या भरलेल्या होत्या. त्यानंतर खटका पडेपर्यंतच्या सगळ्यांची नावं होती आणि आकार शून्य.

"कुणीतरी पुसलं," संगिताबाई म्हणाल्या.

"न्हाई मॅडम. पुसलं असतं तर नावही गेलं असतं. हे पुसलेलं न्हाई. हे लिहिलंच गेलं न्हाई."

संगिताबाईंच्या कपाळाला आठ्या पडल्या. शिवकन्येनं क्षणभर विचार केला आणि दारात उभ्या असलेल्या भागाबाईंकडे वळून विचारलं, "मावशी, संध्याकाळी मेंढरं वाड्यात कशी घालता?"

"कशी म्हंजे? कळप आणायचा, फाटक उघडायचं, हाकलायचा."

"एकेक मेंढरू आणलं, फाटक उघडलं, आत घातलं, फाटक लावलं, परत दुसरं आणलं, असं केलं तर?"

"रात सरंल की गं बाई!"

"तसंच हाय, मॅडम. आमचा डबा आधी एकेक मेंढरू आत घालायचा. म्हणून मंद. आमी त्याला शिकवलं, मेंढरं आधी अंगणात जमव, आणणाऱ्याला सांग, झालं काम, जा. मग कळप साठला की एकदम फाटक उघडून आत हाकल. अंगण म्हणजे डब्याची चालती स्मृती, वाडा म्हणजे हे कार्ड. लिहिणं किती तरी पट वेगानं होतं."

"मग अडचण काय?"

"अंगणाला कुंपण न्हाई. वीज गेली की अंगणातलं सगळं गेलं. जणू आलंच नव्हतं. म्हणून दोन नियम असतात. अर्ध्या मिनिटानं तरी जे जमलंय ते आत हाकलायचंच. आणि कुणी म्हणालं, हे माझं महत्त्वाचं आहे, आत्ता आत घाल नि मग मला सांग, तर खरोखर आत घालूनच हो म्हणायचं. कॅमेरा दर मिनिटाला तसं म्हणतो. ते दोन नियम असते तर खटका पडायच्या आधीचं शेवटचं मिनिट तेवढं गेलं असतं."

"गेली किती?"

"अर्धा तास."

 बाहेर वाशिमकडे जाणारा ट्रक घोंगावत गेला.

"म्हणजे कुणीतरी कारभाऱ्याला खोटं बोलायला शिकवलंय," शिवकन्या हळूच म्हणाली. "तो आत घाल म्हटल्यावर घातलं म्हणायचा आणि अंगण भरेपर्यंत मेंढरं तिथंच ठेवायचा."

"हे कुणाला जमतं?"

"आमच्या चौघांना. एक खाटेवर पडलाय." तिनं लॅपटॉप मिटला. "एक मी."

४

उरले दोन. पण त्या दोघांपैकी कुणाच्याही ताटात शिवकन्या डोळे मिटून जेवली असती. 

आधी तिनं भागाबाईंनाच धरलं. "मावशी, पूजा दर वर्षी दुपारी करता ना?"

"व्हय. न्हाणंधुणं उरकलं की. औंदा सकाळीच माळा आल्या. रागिणीनं आणल्या. म्हणली, मावशी, फुलं सुकतील, उरकून घ्या. मंग घेतली उरकून."

"आणि प्रेमदास?"

"त्यो आला व्हता त्याच्या जरासं आधी. म्हणला, मावशी, पाटावर एक जागा ठेवा, आतलं यंत्र बी पूजेला आणतो, एकट्यालाच काहून उपाशी ठेवायचं? हासला बी." भागाबाईंनी पदर डोळ्यांना लावला. "म्या सुपारी मांडून जागा ठेवली. त्यो काय आला न्हाई. मला वाटलं, इसरला."

तर प्रेमदास पूजेसाठी आत गेला होता. आत विष आहे हे ठाऊक असूनही. म्हणजे वायू उतरलाय असं त्याला कुणीतरी पटवलं होतं, आणि तो दार ओलांडून आत गेल्यावर मागून कडी घातली होती. तीही पूजेच्या आधी, कॅमेऱ्याचा लाल दिवा लागलेला असताना.

रागिणी आली ती दाराबाहेरच थबकली. रात्रभर रडल्यासारखे तिचे डोळे सुजले होते.

"आत ये की."

"भीती वाटायली मला," रागिणी सरळ म्हणाली. "इथं यायची बी नि तुझ्याजवळ बसायची बी."

"माझी भीती?"

"कुणाची वाटायला पाहिजे ते कुठं ठाऊक हाय?"

शिवकन्येनं तिच्यापुढं पाण्याचा तांब्या सरकवला. "माळा तू आणल्यास?"

"दादानं दिल्या. सकाळी सकाळी घरी आला. म्हणला, तू पुढं जा, मला जरा दुसरं काम हाय. फुलं सुकायच्या आत पूजा उरकायला सांग."

"आणि डब्यावर नवं कर्नेल?"

रागिणीचा चेहरा पडला. "मीच चढवलं. दादानं तयार करून दिलं होतं. पण त्यात तुझंही काम हाय, माझंही हाय, सगळ्यांनीच हात घातलाय. मी वाचून पाहिलं न्हाई गं. प्रेमदासनं मला त्याच्यावरूनच टोकलं. 'तू आंधळी होऊन चढवते काय?' असं म्हणला. मी चिडले. दोन दिवस बोलले न्हाई त्याच्याशी." ती हुंदके देऊ लागली. "हा डबा पुढच्या महिन्यात लशींच्या फ्रिजवर बसणार हाय ना, त्याच्या आधी पुण्याला एक गोष्ट कळवायची हाय, असं तो म्हणत होता. दसरा झाला की."

लशींचे फ्रिज.  गावात वीज गेली की फ्रिज तापणार, आणि डबा नेमकं तेव्हाचं विसरणार. सकाळी पडद्यावर सगळं थंडगार दिसणार आणि तीच खराब लस लेकरांना टोचली जाणार. प्रेमदासला हे दिसलं होतं.

दुपारच्या आत ती चौकीवर बापाला भेटली. रामसिंग बाकावर पाय पोटाशी घेऊन बसला होता.

"बा, तू काल सकाळी कुठं व्हता?"

"आपट्याची पानं आणाया नाल्याकडं गेलतो. मागच्या अंगानं. आतनं धडपड ऐकली म्हणून फिरून पुढं आलो नि कडी काढली."

"तू नेहमीच गोदामाच्या मागून काहून जातोस? लांब पडतं की."

रामसिंगनं मान खाली घातली. "त्या डोळ्यापुढनं जायाला मला कसंतरी व्हतं, पोरी. त्यो समदं बघतो. याद ठेवतो."

संगिताबाई दारातच उभ्या होत्या. शिवकन्या त्यांच्याकडे वळली. तिला बापाच्या गळ्यात पडावंसं वाटत होतं, पण आधी बोलायला हवं होतं.

"ऐकलंत, मॅडम? कॅमेरा सगळं लक्षात ठेवतो असं ज्याला वाटतं तो त्याच्यासमोर जाऊन कडी घालेल? निदान त्याच्यावर फडकं तरी टाकेल. ज्यानं कडी घातली त्यानं कॅमेरा झाकला न्हाई, फोडला न्हाई, टाळला न्हाई. कॅमेरा विसरणार हाय, हे त्याला आधीच ठाऊक होतं. आणि माळा सकाळीच पाठवल्या की खटका कधी पडणार, हेही."

संगिताबाईंनी मान हलवली. "कोर्ट विचारेल, कशावरून? माळा लवकर दिल्या म्हणून माणूस गुन्हेगार ठरत नाही."

५

 शिवकन्या पुन्हा खोलीत येऊन बसली. दार आतून लावलं, मग उघडलं, मग परत लावलं. उघडं दार भीतिदायक वाटत होतं आणि बंद दार त्याहून जास्त.

पाटावर भागाबाईंनी ठेवलेली सुपारी अजून तशीच होती. शेजारी डबा. त्याच्या बटणावर कुंकू एका अंगाला ओढलेलं.

ती ताठ झाली.

आपण तर बटण दाबलंच नव्हतं. डबा चालू न करता कार्ड काढलं. भागाबाईंनी खटका भिंतीवरचा पाडला, बटणावर फक्त बोट टेकवलं. मग कुंकू ओढलं कुणी? खंडेनवमीला पूजलेल्या यंत्राला या मुलखात कोण हात लावतं?

तिनं लॅपटॉप उघडला आणि सकाळी घाईत ओलांडलेली ती पहिली ओळ वाचली. अवस्था: स्वच्छ.

स्वच्छ कशी असेल?

खटका पाडून वीज तोडली तर कार्डावर तशी खूण राहते. घरधनी दार सताड उघडं टाकून पळाला तर शेजाऱ्याला कळतं ना, तशी. पुढच्या वेळी कर्नेल उठलं की आधी तक्रार करतं, आतलं तपासतं, आवरतं. आणि कुणी रीतीप्रमाणे सांगून, परवलीचा शब्द टाकून बंद केलं, तरच स्वच्छ असं लिहून ठेवतं. काल दहा वाजता भागाबाईंनी वीज तोडली होती. कार्ड अस्वच्छ असायलाच हवं होतं. म्हणजे त्यानंतर कुणीतरी डबा उठवला, आत पाहिलं आणि पुन्हा नीट झोपवून गेलं. फायली खरंच रिकाम्या राहिल्यात ना, याची खात्री करायला.

तिनं खालची ओळ शोधली. कार्ड शेवटचं कधी उघडलं, याची वेळ तिथं असते. खोटं बोलणाऱ्या कर्नेललाही रीतीनं बंद होताना अंगणातलं सारं आत घालावंच लागतं, आणि त्यात ही वेळही आत गेली होती. काल दुपारी, चारनंतर.

काल चारनंतर रागिणी आपल्या शेजारी, दवाखान्याच्या बाकावर, आपला हात धरून बसली होती.

शिवकन्येनं निर्मलाबाईंना फोन लावला. प्रेमदासची आई कालपासून दवाखान्यातच होती.

"काकी, काल तुमी कशा आलात?"

"शिवहारनं आणलं की गाडीवर. लई चांगलं लेकरू. येताना नाक्यावर थांबलो जरा. म्हणला, काकी, तुमी लिंबाखाली बसा, प्रेमदासचं आधार कार्ड खोलीत राहिलंय, घेऊन येतो. आला मंग."

"मिळालं का आधार कार्ड?"

"न्हाई बाई. न्हवतं म्हणला."

शिवकन्या उठून उभी राहिली. "काकी, आता तुमी प्रेमदासजवळच हात ना?"

"न्हाई गं, मी भायेर व्हरांड्यात. रातभर डोळा न्हवता. शिवहार आलाय सोनं घेऊन. म्हणला, काकी, तुमी जरा पडा, मी बसतो त्याच्यापाशी. डॉक्टर म्हणले, पोरगं हालचाल करून राहिलंय, शुद्धीवर येईल आता."

६

हिंगोलीपर्यंतचा रस्ता शिवकन्येला आठवत नाही. संगिताबाईंनी गाडी कशी हाकली, वाटेत दसऱ्याची किती ट्रॅक्टरं माळा घालून आडवी आली, काही नाही. इतकंच आठवतं, की संगिताबाई दवाखान्याचा फोन लावत होत्या आणि तो नुसता वाजत होता.

निर्मलाबाई व्हरांड्यात पदर तोंडावर घेऊन निजल्या होत्या. आतल्या खोलीचं दार लोटलेलं होतं.

"मी एकदम शिरले तर तो काय करेल सांगता येत नाही," संगिताबाई कुजबुजल्या. "तू जा. त्याला खाटेपासून उठव. मी दाराशीच आहे."

 शिवकन्येनं दार ढकललं.

प्रेमदासच्या नाकातोंडावर प्राणवायूची वाटी होती. छाती वरखाली होत होती. शिवहार त्याच्या उशाशी बसला होता आणि त्यानं प्रेमदासचा हात हातात धरला होता. चादरीवर आपट्याची पानं पडली होती.

"ये," तो हसला. एक पान उचलून त्यानं पुढं केलं. "सोनं घे. सोन्यासारखी राहा."

तिनं पान घेतलं. घ्यावं लागलं. त्याची बोटं गार होती.

"दादा," ती म्हणाली, आणि आपला आवाज इतका साधा कसा निघाला याचं तिला नवल वाटलं. "डब्यात काहीतरी मिळालंय. दारावरचं शेवटचं चित्र. अर्धंमुर्धं हाय, मला उलगडत न्हाई. तू बाहेर येऊन बघतोस?"

"काहीतरीच. रिकाम्याच आहेत त्या फायली."

बोलून गेल्यावर तो थांबला. 

"तुला कसं ठाऊक, दादा? डबा आज सकाळी उघडला. मी, मॅडम नि मावशी, तिघींनीच पाहिलाय."

शिवहारनं प्रेमदासचा हात सावकाश खाली ठेवला आणि तो उठला. एक पाऊल तिच्याकडे आला. तिनं दोन पावलं मागं घेतली. पाठ दाराला लागली आणि दार मागून उघडलं. संगिताबाई आत आल्या. त्या त्याच्या नि खाटेच्या मधोमध जाऊन उभ्या राहिल्या.

तो पुन्हा खुर्चीवर बसला. एकाएकी म्हातारा दिसू लागला.

"कशावरून?" त्यानं विचारलं. शिकवताना विचारायचा, अगदी तसंच.

"कार्ड स्वच्छ होतं."

एवढंच ती बोलली. त्यानं डोळे मिटून घेतले. त्याला सगळं कळलं होतं.

"भागामावशी खटका पाडते," शिवकन्या म्हणाली. "माझा बा बी तेच करतो. सांगून सवरून बंद करणारे आपण चौघंच. पहिल्या दिवशी तूच शिकवलंस मला. म्हणालास, यंत्राला कधी खटकन मारू नये, आधी त्याला सांगावं, त्याचं काम आवरू द्यावं. काल खटका पाडून गेला असतास तर मला काहीच कळलं नसतं."

"हात तसाच गेला," तो पुटपुटला. "सवयीनं."

"काहून केलंस, दादा?"

 तो हळूहळू बोलू लागला. "दोन ओळी होत्या फक्त. त्या काढल्या नि लिहिण्याचा वेग तिप्पट दिसायला लागला. पुण्याला टाळ्या वाजल्या. हिंगोलीतल्या एका खोलीतून असं काम होतं म्हणून लोक माझ्याकडे बघायला लागले. मला वाटलं, बसवायच्या आधी परत घालीन. मग ते मागं घेताच येईना. यानं शोधून काढलं. म्हणाला, दादा, तू सांग, न्हाई तर मी सांगतो." त्यानं खाटेकडे पाहिलं. "वायूचा खोटा शून्य आकडा मीच त्याला फोनवर दाखवला. म्हणालो, वायू उतरलाय. त्यानं आकड्यावर विश्वास ठेवला. मी नुसतं घाबरवणार होतो. थोड्या वेळानं उघडणार होतो."

"उघडलंस?"

तो चादरीवरची पानं गोळा करू लागला.

त्याला नेताना निर्मलाबाई जाग्या झाल्या आणि काही न कळून त्याच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "निघाला व्हय रे लेकरा? जेवून तरी जायाचं." शिवकन्येला तेव्हा पहिल्यांदा रडू फुटलं.

७

रामसिंग त्याच संध्याकाळी घरी आला. प्रेमदासला बोलायला आणखी वेळ लागला, आणि आवाज अजून घोगराच आहे. शुद्धीवर आल्यावर त्यानं शिवकन्येला विचारलं, "पुण्याला कळवलं?" ती हो म्हणाली. डबे कुठल्याच फ्रिजवर बसले नाहीत. आधी त्या दोन ओळी जागेवर गेल्या. वेग खाली आला. आता ती, रागिणी नि प्रेमदास तो खऱ्या वाटेनं वाढवायच्या खटपटीत आहेत, आणि ते काम फार चिकाटीचं आहे.

गोदामात पुन्हा गोळ्या ठेवल्या की शिवकन्या त्या दारासमोरून एकटी जात नाही. रामसिंग आता पुढच्या अंगानं जातो आणि कॅमेऱ्याकडे बघून घसा खाकरतो.

परवा आभाळात विजा कडाडू लागल्या तशा भागाबाई धावत खोलीत आल्या. विजा आल्या की खटका पाडायचा ही त्यांची जुनी सवय. हात खटक्यापर्यंत गेला आणि तिथंच थांबला.

"शिवकन्या, समदी मेंढरं आत गेली का गं?"

शिवकन्येनं पडद्याकडे पाहिलं. गेली होती. तरी तिनं पुन्हा एकदा पाहिलं, मग लिहिताना लुकलुकणारा कार्डाचा दिवा विझेपर्यंत थांबली.

"गेली, मावशी. आता पाडा."